दिल्लींतील मशकप्रयोग व त्यांचे कागद
(इ. स. १९६९ ते १९७५)

या त्रैमासिकाच्या वाचकांस महजर, सनदा, शकावल्या आणि घराण्यांच्या कैफियती यांचा चांगला परिचय आहे. त्यांच्यापुढें डांसांविषयींचा लेख ठेवतांना आम्हांस थोडा संकोच वाटतो. परंतु विषय डांसांचा असला तरी वाद कागदांचा आहे. आणि ज्या वादास पन्नास वर्षें लोटलीं तो आतां इतिहासाच्या कक्षेंत आला असें समजण्यास हरकत नसावी.

निमित्त असें घडलें. कांहीं वर्षांपूर्वीं एका रद्दीच्या दुकानीं मोडी कागदांचा रुमाल आला आहे अशी वर्दी लागल्यावरून आम्ही तेथें गेलों. मोडीची एक ओळहि निघाली नाहीं. निघाला तो सरकारी अहवालांचा गठ्ठा, आणि त्यांत पांचव्या लोकसभेच्या लोकलेखा समितीचा १६७ वा अहवाल, ता. ३० एप्रिल १९७५ चा. समितीचे अध्यक्ष ज्योतिर्मय बसू. परकीयांच्या सहभागानें वा सहकार्यानें भारतांत चाललेले संशोधनप्रकल्प हा त्याचा विषय. हिशेब तपासणाऱ्या समितीनें डांसांच्या वंशशास्त्रांत शिरावें ही गोष्टच इतकी विलक्षण वाटली कीं, आम्हीं तो अहवाल वजनावर विकत घेतला व त्या रात्रीं वाचून काढला. तेव्हांपासून या प्रकरणाचे छापील कागद जसे मिळाले तसे आम्ही पाहत आलों आहों.

प्रथम हकीकत थोडक्यांत देतों. जागतिक आरोग्य संघटना व भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांच्यांत १९६९ सालीं करार होऊन नवी दिल्ली येथें डांसांच्या आनुवंशिक नियंत्रणाचें एक संशोधनपथक स्थापन झालें. पैसा अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याचा होता, व तो धान्याच्या मोबदल्यांत भारतांत साठलेल्या, पी. एल. ४८० या नांवानें प्रसिद्ध असलेल्या रुपयांतून येत असे. पथकानें तीन जाती हातीं घेतल्या: हत्तीरोग पसरविणारा क्यूलेक्स, डेंग्यू व पिवळा ताप यांचा वाहक एडीस इजिप्ती, आणि शहरांतील हिवतापाचा वाहक ॲनॉफेलीस स्टीफेन्सी. दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांत क्यूलेक्सचे लक्षावधि नर सोडण्यांत आले. पुढें हरियाणांतील सोनपत शहरीं एडीस सोडण्याची तयारी झाली. १९७४ सालीं प्रेस ट्रस्ट ऑफ इंडियानें असें वृत्त दिलें कीं, या प्रयोगांचा खरा उपयोग जैविक युद्धाच्या तयारीस होण्यासारखा आहे. संसदेंत गदारोळ झाला, प्रकरण लोकलेखा समितीपुढें गेलें, सोनपतचा प्रयोग डांस सुटण्यापूर्वींच थांबला, व १९७५ च्या मध्यास पथकच बंद झालें.

येथें शब्दांचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. हल्लीं या प्रकरणाचा उल्लेख करणारे कित्येक लेखक दिल्लीचे डांस जनुकपरिवर्तित होते असें सरसकट लिहितात. तें कालविपर्यासाचें आहे. परकीय जनुक डांसाच्या बीजांत कायमचें बसविण्याची विद्या एडीसच्या बाबतींत १९९८ सालीं व स्टीफेन्सीच्या बाबतींत २००० सालीं साध्य झाली. १९७० च्या सुमारास जें होतें तें निराळें, व त्याचे तीन प्रकार होते. पहिला, थायोटेपा नांवाच्या रसायनाच्या द्रावणांत कोश बुडवून नरांस वंध्य करणें. दुसरा, किरणांच्या योगानें गुणसूत्रांचे तुकडे इकडचे तिकडे झालेले वंश निवडून वाढविणें, म्हणजे त्यांची पुष्कळशी संतति आपोआप मरते. तिसरा प्रकार सर्वांत चमत्कारिक. एका देशाच्या क्यूलेक्स नरानें दुसऱ्या देशाच्या मादीशीं संग केला असतां पुष्कळदां अंडीं उबत नाहींत. जर्मन संशोधक हान्नेस लाव्हेन यानें याच गुणाच्या बळावर ब्रह्मदेशांत रंगूनजवळील ओक्पो या लहानशा गांवीं क्यूलेक्सची पैदास जवळजवळ बंद पाडून दाखविली व १९६७ सालीं ती हकीकत प्रसिद्ध केली. या विसंगतीचें कारण पेशींत राहणारा वोल्बाकिया नांवाचा सूक्ष्म जंतु आहे, हें १९७१ सालीं उघडकीस आलें. दिल्लीच्या पथकानें पॅरिसकडील डांसांचें पेशीद्रव्य व दिल्लीच्या डांसांचीं गुणसूत्रें यांचा मेळ घालून एक वंश तयार केला होता. त्यास संकर म्हणावें, वंशशोधन म्हणावें, पण आजच्या अर्थाचें जनुकपरिवर्तन म्हणतां येत नाहीं.

डांसांचे भेद करण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुताच्या कल्पस्थानांत सामुद्र, परिमंडल, हस्तिमशक, कृष्ण व पार्वतीय असे पांच मशक सांगितले आहेत. त्यावरून हिवताप डांसांमुळें होतो हें आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें, असें प्रतिपादन कांहीं स्नेही मोठ्या अभिमानानें करतात. आम्हीं तें स्थळ अनेकदां वाचलें आहे. तेथें दंशाचीं लक्षणें आहेत. त्या तापाचा व डांसाचा संबंध जोडलेला नाहीं. पूर्वजांस जें ठाऊक होतें तेंच पुरेसें गौरवास्पद आहे, त्यांत आपण भर घालण्याचें कारण नाहीं.

आतां समितीचे आक्षेप. समितीचा मुख्य रोख असा दिसतो कीं, या प्रकल्पाचा उपयोग भारतापेक्षां परक्यांस अधिक होता. पिवळा ताप आपल्या देशांत नाहीं. मग त्याच्या वाहकाची घनता, त्याची उडण्याची मजल, तो कोणत्या घरांत किती सांपडतो, याचें एवढें बारीक टिपण कोणासाठीं? शत्रूनें हा रोग मुद्दाम आणावयाचा ठरविलें तर त्यास हींच टिपणें लागतील. या शंकेस त्या काळीं बळकटी आणणारें दुसरें प्रकरण आपल्या मुंबईचें होतें. १९५७ सालीं शिमोगा जिल्ह्याच्या जंगलांत माकडे मरूं लागलीं व क्यासनूर अरण्यज्वर नांवाचा नवा रोग आढळला. त्याचा विषाणु रशियांतील एका विषाणूचा सगोत्र ठरल्यामुळें, सायबेरियाकडून येणाऱ्या पक्ष्यांनीं तो आणला कीं काय असा तर्क निघाला. आणि मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळानें सलीम अली यांच्या नेतृत्वाखालीं पक्ष्यांस कडीं घालण्याचें काम हातीं घेतलें. त्या कामास पुढें अमेरिकन सैन्याच्या वैद्यक शाखेकडून चालविल्या जाणाऱ्या एका पाहणीचा पैसा मिळाला. तें प्रकरणहि याच अहवालांत आहे. सलीम अली यांनीं १९८५ सालच्या आपल्या आत्मचरित्रांत या आरोपांचा समाचार घेतला आहे.

पैशाचा माग काढणें हें हिशेबतपासनिसाचें कामच होय, व त्याबद्दल समितीस दोष देतां येत नाहीं. परंतु पैशावरून हेतु व हेतूवरून कृत्य असें जें अनुमान कित्येकांनीं केलें, तें न्यायशास्त्राच्या परिभाषेंत सव्यभिचार ठरतें. वाहकाची घनता व उडण्याची मजल हीं टिपणें आक्रमण करणारास लागतात हें खरें. तींच टिपणें रोग आवरूं पाहणाऱ्या वैद्यासहि लागतात. जो हेतु साध्याच्या व त्याच्या विरुद्धाच्या, दोघांच्याहि घरीं सारखाच नांदतो, त्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. आम्हीं पाहिलेल्या कागदांत युद्धतयारीचा अव्वल दर्जाचा एकहि पुरावा नाहीं.

आणि एडीस डांसाशीं आपल्या देशास कर्तव्य नव्हतें हें तर मुळींच खरें नाहीं. याविषयीं आम्ही कांहींसे साक्षीदार आहों. आमचें मातुलगृह बार्शीस. १९७३ सालीं तेथें चिकुनगुन्याची मोठी साथ झाली. गांवांतील एक तृतीयांशाहून अधिक लोक आजारी पडले, व तो रोग पसरविणारा डांस एडीस इजिप्तीच होता. आमचें वय तेव्हां बारा-तेरा वर्षांचें. सुटींत गेलों तों आमचे मामा भिंत धरून उठत होते. मामींस जात्याचा खुंटा धरवेना, म्हणून दळण बाहेरून आणावें लागे. चांगले धट्टेकट्टे हमाल वांकून चालतांना आम्हीं पाहिले, आणि पोरवयामुळें आम्ही त्यांस हंसलों तें आजहि आठवतें. दिल्लींत या डांसाचा अभ्यास कोणासाठीं असा प्रश्न होत असतां सोलापूर जिल्ह्यांतील एक गांव या स्थितींत होतें. पुढें १९९६ सालीं खुद्द दिल्लींत डेंग्यूचे १०,२५२ रोगी नोंदले गेले व ४२३ मरण पावले. सोनपतचा प्रयोग झाला असता तर हें टळलें असतें असें आमचें म्हणणें नाहीं. तसें म्हणण्यास आधार नाहीं. उलट दिल्लीच्या खेड्यांतील अनुभव निराशेचाच होता. सोडलेले नर मादींशीं संग करीत, अंडीं वांझ निघत. परंतु भोंवतालच्या मुलखांतून आधींच गर्भवती झालेल्या माद्या येत राहिल्यामुळें डांसांची संख्या अपेक्षेप्रमाणें घटली नाहीं. ओक्पो एकाकी होतें. दिल्लीचीं खेडीं तशीं नव्हतीं.

येथवर आम्ही पथकाच्या बाजूनें बोललों. परंतु समितीच्या आक्षेपांचा दुसरा भाग आम्हांस अधिक वजनदार वाटतो, व तोच पुढें लोक विसरले. युद्धाच्या आरोपाचा गवगवा एवढा झाला कीं त्याखालीं साधे प्रश्न दडपले गेले. थायोटेपा हें औषध कर्करोगावर वापरतात, आणि तें स्वतः कर्करोग उत्पन्न करणारेंहि आहे. तें खेड्यांच्या पाण्यांत, मातींत, जीवांच्या आहारांत कितपत उतरतें? नर व मादी यांची निवड कोशांच्या आकारावरून करीत; नर लहान, मादी मोठी. ही निवड शंभर टक्के साधत नाहीं. तेव्हां नरांबरोबर ज्या थोड्या माद्या सुटल्या त्या चावणारच. लोकांस काय सांगितलें होतें व त्यांनीं कोणत्या शब्दांत संमति दिली? हे प्रश्न हेरगिरीचे नव्हत, ते परिसराच्या धोक्याच्या मोजमापाचे आहेत, आणि ते विचारणारी सभा हिशेबाची होती हा योगायोग आहे. दुसरें कोणी विचारणारें त्या काळीं नव्हतेंच. परिसरसंरक्षणाचा कायदा १९८६ चा, व जनुकीय जीवांविषयींचे नियम १९८९ चे.

शास्त्रज्ञांकडून याला ठराविक उत्तर मिळे कीं अपाय कांहीं आढळला नाहीं. या उत्तराची परीक्षा करण्यास आमच्या शास्त्रींबोवांनीं शिकविलेला एक विचार उपयोगी पडतो. जमिनीवर घट दिसत नाहीं म्हणून तेथें घट नाहीं असें म्हणतां येतें, पण केव्हां? घट असता तर दिसलाच असता, एवढा उजेड असेल तेव्हां. यास योग्यानुपलब्धि म्हणतात. अंधाऱ्या खोलींत घट न दिसणें हें घटाच्या अभावाचें प्रमाण नव्हे. त्याप्रमाणें, अपाय आढळला नाहीं याला प्रमाण म्हणावयाचें तर अपाय जेथें झाला असता तेथें कोणी दिवा घेऊन गेलें होतें हें आधीं दाखविलें पाहिजे. एक उदाहरण देतों. १९७२ सालीं कॅनडांतील एका शास्त्रीय मासिकांत असा प्रयोग प्रसिद्ध झाला कीं, रसायनानें वंध्य केलेले डांस कोळ्यांस खाऊं घातले असतां कोळ्यांच्याहि प्रजननशक्तीस बाध येतो. हा धोका अंडीं उबण्याचें प्रमाण मोजून कधींच कळला नसता. डांस मोजणारास कोळी दिसत नाहींत. कोणी तरी कोळ्यांकडे पाहिलें म्हणून तो कळला.

पथक बंद झालें त्याच वर्षीं ‘नेचर’ या इंग्रजी साप्ताहिकानें नवी दिल्ली व जिनीव्हा या दोन्हीं नांवांनीं हळहळणारा अग्रलेख लिहिला. १९७५ सालींच संशोधन परिषदेनें पाँडिचेरी येथें वाहकनियंत्रणाचें केंद्र काढलें. पुण्याच्या विषाणुसंशोधन केंद्रांत क्यासनूर ज्वरावर काम करून दिल्लीच्या पथकांत गेलेले पी. के. राजगोपालन हे पुढें त्या केंद्राचे संचालक झाले. याच केंद्रानें २०२२ सालीं वोल्बाकियायुक्त एडीस तयार केल्याचें जाहीर केलें. म्हणजे लाव्हेनच्या ओक्पोचा धागा तुटला नाहीं, दिल्लीहून दक्षिणेस गेला एवढेंच.

नंतरच्या काळांतील एका प्रकरणाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं, कारण कागदांच्या परीक्षेच्या दृष्टीनें तें दिल्लीच्या प्रकरणाचें जुळें भावंड आहे. ब्राझीलच्या जाकोबिना शहरीं २०१३ ते २०१५ या अवधींत ऑक्सिटेक या इंग्रज कंपनीनें जनुकपरिवर्तित एडीस नर दर आठवड्यास सुमारें साडेचार लक्ष या प्रमाणांत २७ महिने सोडले. या नरांची संतति टेट्रासायक्लीन न मिळाल्यास मरते; पण सर्व मरत नाहीं, शेंकडा तीन-चार जगूं शकते हें प्रयोगशाळेंत आधींच ठाऊक होतें. २०१९ सालीं एक निबंध प्रसिद्ध झाला कीं, सोडलेल्या वंशाचे जनुकांश तेथील रानटी डांसांत शिरले आहेत. कंपनीनें आक्षेप घेतला. मासिकाच्या संपादकांनीं २०२० सालीं निबंधावर चिंतादर्शक टीप जोडली. आम्हीं दोन्हीं वाचलीं. आमच्या मतें निबंधांतील निरीक्षण एक व त्यावर रचलेलें अनुमान दुसरें. जनुकांश शिरले हें निरीक्षण. हे अंश मूळ प्रयोगवंशाचे होते, बाहेरून बसविलेल्या घातक जनुकाचे नव्हत. यापासून डांस अधिक चिवट होतील हा केवळ तर्क, व त्यास पुरावा दिलेला नाहीं. वृत्तपत्रांनीं तर्क उचलला व निरीक्षण टाकलें. टीप आल्यावर दुसऱ्या पक्षानें निरीक्षणहि टाकून दिलें. १९७४ सालीं दिल्लींत हेंच घडलें होतें.

आपल्या प्रांतांतहि हा विषय येऊन पोंचला आहे. जानेवारी २०१७ मध्यें जालना जिल्ह्यांतील दावलवाडी येथें, बियाण्यांच्या धंद्यांत प्रसिद्ध असलेल्या जालन्याच्या एका उद्योगसमूहानें ऑक्सिटेकच्या डांसांचे प्रयोग उघड्या जागेंतील पिंजऱ्यांत सुरू केले. पिंजऱ्याबाहेर सोडण्याची पायरी मात्र आली नाहीं. अशा परवानगीचा विचार करणाऱ्या केंद्रीय समितीच्या नांवाची गोष्ट कोशकारांस रुचेल. पूर्वीं तिच्या नांवांत ‘अप्रूव्हल’ म्हणजे मंजुरी हा शब्द होता. बीटी वांग्याच्या वादानंतर २०१० सालीं तो काढून ‘अप्रेझल’ म्हणजे मूल्यमापन हा शब्द घातला. आद्याक्षरें तींच राहिल्यामुळें कित्येकांस बदल झाल्याचा पत्ताहि नाहीं. कीटकांसाठीं स्वतंत्र मार्गदर्शक सूत्रें जैवतंत्रज्ञान विभागानें २०२३ सालीं प्रसिद्ध केलीं. त्यांत कोणते दिवे घेऊन कोणत्या खोलींत जावें हें बरेंच लिहिलें आहे. समितीनें १९७५ सालीं विचारलेले कांहीं प्रश्न आतां नियमांच्या भाषेंत आलेले पाहून आम्हांस समाधान वाटलें, हें नमूद करतों.

शेवटीं वऱ्हाडच्या वाचकांसाठीं एक गोष्ट. ॲनॉफेलीस स्टीफेन्सी या जातीचें पहिलें शास्त्रीय वर्णन डब्ल्यू. जी. लिस्टन या लष्करी डॉक्टरानें १९०१ सालीं केलें, तें एलिचपूर, म्हणजे आजचें अचलपूर, येथें सांपडलेल्या डांसांवरून. त्या गांवचें नांव आम्ही इमादशाहीच्या संबंधांत वाचतों. जगांतील कीटकशास्त्रज्ञ तें या डांसाचें मूलस्थान म्हणून वाचतात. हाच डांस २०१२ सालीं आफ्रिकेंत जिबूती येथें आढळला. त्या वर्षीं तेथें हिवतापाचे २७ रोगी नोंदले होते, २०२० सालीं ते ७३,००० वर गेले. मे २०२४ मध्यें तेथें याच जातीचे जनुकपरिवर्तित नर उघड्यावर सोडण्यांत आले. अचलपूरच्या डांसाचा हा प्रवास कोणी तपशीलानें लिहिल्यास तो वाचण्यासारखा होईल.

आमच्याजवळील अहवालाच्या प्रतींत कोणी तरी पेन्सिलीनें समासांत प्रश्नचिन्हें केलेलीं आहेत. सोनपतविषयींच्या पानांवर तीं दाट आहेत, अक्षर मात्र एकहि नाहीं. ती प्रत व आमच्या संग्रहांतील या विषयाचीं इतर कात्रणें मंडळाच्या ग्रंथालयांत ठेवण्यासाठीं आम्हीं चिटणिसांकडे दिलीं आहेत. १९७३ च्या बार्शीच्या साथीसंबंधीं नगरपालिकेच्या नोंदी, दवाखान्यांचीं केसपेपरें, खाजगी पत्रें किंवा रोजनिशा ज्या सभासदांच्या पाहण्यांत असतील त्यांनीं कृपा करून कळवावें. नक्कल करून मूळ कागद स्वखर्चानें परत पाठविण्याची जबाबदारी आमची.